सुरभी सांगेल तवा इकू

बोरी अरब
२४ ऑक्टोबर

सुरभी,

आशीर्वाद आहेच, त्याच्यात कागद घालवत नाही. मी तुहा तास पाह्यला.

तू म्हणशीन, इतके वर्षं एक ओळ नाही लिवली, आन् आता बुढीले काय झालं. झालं काही नाही. धडधाकट आहो. मेली असती तर कोणीतरी कळवलं असतं, एवढी माणुसकी गावात आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं कागद हाती घेतला म्हणजे कारणच तसं आहे.

जफर मिस्त्रीची बायको उमेरा, तू गेल्यावर लगन होऊन आली. कारंज्याची पोट्टी. इंग्रजीत एम. ए. आहे, बी. एड. आहे, आन् नोकरी नाही म्हणून नवऱ्याच्या ग्यारेजात टायर मोजते. तिले मी सहज म्हटलं, आमची एक नात इंग्लंडात कालेजात शिकवते. ती म्हणे, 'खाला, नाव सांगा.' नाव सांगतलं, तिनं मोबाईलवर बोट फिरवलं, आन् घे, तू हुबी. अंगात काया कोट, मागं फळा, पुढं देशोदेशीचे पोट्टे.

मले वाटत होतं तू तिकडं कायतरी मोठं शिकवत असशीन. विषयाचं नाव तर केवढं, आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र आणि विकास. माह्या तोंडात बसायलेच अर्धा दिवस लागला. आन् आत पाह्यलं तर आपली पऱ्हाटी. तू फळ्यावर कापसाचं बोंड काढलं होतं. वांग्यासारखं दिसत होतं, पण ओळखू आलं.

उमेरा दर दोन वाक्यावर थांबवे आन् आपल्या भाषेत सांगे. आपल्या वावरातला कापूस निघते, त्याच्या गाठी होते, सूत होते, सूत बांगलादेशात जाते, तिथल्या बाया बनेन शिवते, त्याच्यावर तिकडच्या कंपनीचा शिक्का बसते, आन् ते बनेन तुह्यासमोर बसलेल्या पोट्ट्याच्या अंगात जाते. त्या बनेनीच्या दामात पिकवणाऱ्याचा वाटा किती, तर तू बोटाचं पेर दाखवलं. बराबर दाखवलं. पुढं म्हणली, भाव ठरते न्यूयॉर्कात, जिथं कापसाचं एक झाड नाही. तवा मी म्हटलं, 'उमेरा, बंद कर.' ती म्हणे, 'काहून खाला, समजलं नाही?' मी म्हटलं, 'समजलं म्हणूनच बंद कर. मले उठून पाणी पिऊ दे.'

पाणी पिऊन पुन्हा पाह्यला. मंग पुन्हा. इतके साल मी समजून चालली होती का आपल्याले भाव भेटत नाही तो दलालाच्या हरामखोरीनं. दलाल हरामखोर आहेच, पण त्याच्या मागं एवढी मोठी दुनिया हुबी आहे हे मले कोणी सांगतलंच नव्हतं. मले तर झोप येईना. या वयात झोप येत नाही ते दुखण्यानं, असं लोक समजते.

सांजच्याले तुह्या बापानं इचारलं, 'माय, भाकरी काहून नाही टाकल्या?' मी म्हटलं, 'कालेजात गेलती.' त्यानं पुढं इचारलं नाही. या घरात तुह्यं नाव घेणं बंद आहे, तुले ठाऊकच आहे. साखरपुडा झाल्यावर तू नेरचं स्थळ सोडून इंग्लंडच्या इमानात बसली, तवापासून तुह्याबद्दल बोलायची पाळी आली तर तुहा बाप, माहा मारोती, 'तिकडची' म्हणते. माह्यं मत तवा कोणी इचारलं नव्हतं, म्हणून मी देल्लं नाही. तुही माय असती तर तिनं काही केलं असतं. ती नाही, म्हणून मलेच लिवावं लागते.

पत्ता उमेरानं तुह्या कालेजाच्या पानावरून काढला. म्हणे, मेल करू, तुरंत पोहोचते. मी म्हटलं, मेल तू लिवशीन, मंग ती तुही चिठ्ठी झाली, माही कुठं? पोस्टातला बाबू पत्ता पाहून इचारते, 'आजी, इंग्लंडात कोण?' मी म्हटलं, तू तिकीट लाव.

एक इचारायचं राह्यलं. त्या तासात तू सांगतलं, अमेरिकेत टेक्सास म्हणून मुलूख आहे, तिथं पाण्याचा थेंब नाही, औंदा भाव चढत जाईन, ज्याच्या घरात कापूस त्याच्या हातात दोरी. हे पक्कं का? आमची पयली वेचणी आता निघते.

आजी


बोरी अरब
९ नोव्हेंबर

सुरभी,

उत्तर नाही आलं. टपाल मंद असन, नाहीतर तू. मी दोघाईलेही घाई करत नाही.

इकडं काय चाललं ते ऐक. दुपारी कामं उरकली का माह्या ओसरीवर तुहा तास भरते. उमेरा मोबाईल पाटीवर टेकवून ठिवते आन् मास्तरीण होऊन बसते. खरं सांगतो, त्या पोट्टीच्या तोंडावर तेज आलं. जफर मले म्हणे, 'खाला, तुम्ही माह्या बायकोले नोकरी लावली, पगार कवा देता?' मी म्हटलं, तुह्या बायकोले चाय देतो, तो जास्तच होते.

तिची सासू रहमतबी येते. तिले ऐकू येत नाही, पण मुंडी सगळ्यात जास्त तीच हालवते. तांड्यावरून बिजलीबाई येते, आमच्याकडं वेचणीले असते ती, तिच्या संगं तांड्यावरच्या अखीन बाया. परवा तू सांगत होती का तिकडच्या श्रीमंत देशात सरकार कापूसवाल्याले घरबसल्या पैसा देते, पिको का न पिको. आन् तेच सरकार आपल्या सरकारले म्हणते, तुम्ही देऊ नका, बजार बिघडते. बिजलीबाईनं उमेराले तेवढाच तुकडा पुन्हा लावायले लावला. मंग मले म्हणे, तांड्यावर मायले याडी म्हणते, 'याडी, हे तर आमच्या सासूसारखं झालं. आपण तूप खाय आन् सुनेले म्हणे, पोट बिघडन.' साऱ्या हासल्या. हे तुह्या पोट्ट्याईले सांग, त्याईले लवकर समजन.

शुक्रवारी आमच्या वावरात सीतादही झाली. तू इसरली असशीन तर: पयल्या वेचणीच्या दिवशी वावरात गोटे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात चारी अंगाले शिंपायचा, उरला तो बायाईनं तिथंच बसून खायाचा, मंग कापसाले हात लावायचा. आन् तो भात हातात असताना जे बोललं, ते वेचणी सरेपर्यंत मोडायचं नाही. माह्या सासूच्या सासूपासून कोणी मोडलं नाही.

मी काही बोलली नाही. मी फक्त तू जे बोलली ते सांगतलं. आता माह्या ओसरीवर येणाऱ्या साऱ्या बाया तिथं होत्या, त्याईच्या घरी थोडाबहुत कापूस आहेच, त्याईनं इचारलं, 'मंग इकायचा कवा?' माह्या हातात भात होता. तोंडातून निघालं, 'सुरभी सांगेल तवा इकू.' साऱ्याईनं म्हटलं, 'सुरभी सांगेल तवा इकू,' आन् घास घेतला.

एवढंच झालं. तू मनाले लावून घेऊ नको. फक्त कवा ते सांग.

आजी


बोरी अरब
३० नोव्हेंबर

सुरभी,

कापूस घरात ठिवला म्हणजे काय होते, हे तुह्या कालेजात शिकवत नसन. किडे होते. अंगाले खाज सुटते. अख्खी आळी खाजवून राह्यली. रहमतबी नमाज पढता पढता खाजवते. तांड्यावर बिजलीबाईच्या घरात निजायले जागा नाही, तिचा नवरा हरिसिंग ढिगावर निजते आन् सकाळी उठून मले शिव्या देते. मले म्हणजे तुले, पण तू दूर आहे.

अक्षय टेम्पो आन् काटा घेऊन खेडोखेडी कापूस घेते. नेरकडचा पोट्टा, बोलायले मिठ्ठा. आमच्या गावात चकरा मारून थकला. मले म्हणे, 'आजी, औंदा तुमच्या गावात कापूस पिकलाच नाही का?' मी म्हटलं, 'पिकला. दिसत नाही का, सारे खाजवून राह्यले.' तो म्हणे, 'मंग देत काहून नाही?' मी म्हटलं, 'टेक्सासात पाणी नाही.' तो माह्या तोंडाकडं पाहत राह्यला. मले लय बरं वाटलं. जनमभर व्यापाऱ्यानं आपल्याले असं काही सांगावं आन् आपण पाहत राहावं, औंदा उलटं झालं.

तासाले आता ओसरी पुरत नाही. विकास म्हणजे काय, याच्यावर परवा भांडण झालं. तू म्हणते, नुसता रस्ता झाला म्हणजे विकास नाही, माणसाच्या हातात ठरवायची ताकद आली पाह्यजे. बिजलीबाई म्हणे, आधी रस्ता तर होऊ दे, तांड्यावर ॲम्ब्युलन्स येत नाही, मंग ताकदीचं पाहू. उमेरा तुह्या बाजूनं भांडली. मी दोघींच्या. इतकं बोलणं या ओसरीवर कोणाच्या सोयरिकीतही झालं नव्हतं.

आता तुह्या बापाचं सांगतो. त्याच्या हाती दहीभात नव्हता. सीतादहीले तो नव्हताच, त्यानं कोणाले शब्द देल्ला नाही. तरी त्यानं काट्यावर एक बोंड नेलं नाही. समोरची खोली भरली. ढोराचा कोठा भरला. मंग त्यानं तुह्या खोलीचं कुलूप काढलं. ते त्यानंच लावलं होतं. तुहा टेबल उचलून बाहेर ठिवला, गोणपाटाचा तडव टाकला, खिडकीपर्यंत कापूस भरला.

मी म्हटलं, 'मारोती, इकत काहून नाही?'

म्हणे, 'सारे थांबले आहेत.'

'तू कवापासून साऱ्याईचं ऐकायले लागला?'

'माय, तू भाकरी टाक.'

टाकल्या. तू मात्र आता पत्र टाक. माही घाई नाही, पण बिजलीबाईच्या पोरीचं लगन माघात आहे आन् कापूस इकल्याशिवाय बस्ता बांधता येत नाही. ती मले काही म्हणत नाही. रोज येते, तास ऐकते, जाताना इचारते, 'आलं का?' बस एवढंच.

आजी


बोरी अरब
६ डिसेंबर

सुरभी,

हे स्पीडपोस्टानं पाठवून राह्यली, आन् उमेराले म्हटलं, तुहा तो मेलही पाठव. दोन्ही पोहोचू दे.

काल अक्षय आला. तास चालू होता. तो काटा गाडीतच ठिवून ओसरीच्या कडेले बसला. टेक्सासवाला तुकडा लावला होता, नवीन बाया आल्या होत्या त्याईच्यासाठी. अक्षय थोडा वेळ पाहत बसला आन् मंग उमेराले म्हणे, 'ताई, खाली तारीख असते, ती वाचली का?'

उमेरानं वाचली. तिच्या तोंडाचं पाणी पळालं.

तो तास चार साल जुना आहे. अक्षय म्हणे, 'त्या साली खरंच चढला होता भाव, आजी. तुमची नात बराबरच बोलली होती. पण औंदा बाहेरच्या कापसावरचा कर सरकारनं काढला. गाठी जहाजानं येऊन राह्यल्या. भाव जिथं आहे तिथं बसला आहे.' पोट्टा चांगला आहे, हासला नाही. हासला असता तर मले सोपं गेलं असतं.

आता मले सांग, लोणचं जुनं झालं तर वासावरून कळते. दूध नासलं तर कळते. तुहा तास जुना झाला हे कशावरून कळावं? तू त्याच्यात तशीच हुबी राहते, 'औंदा, औंदा' करते. केस लंबे होते तुहे त्याच्यात, बाकीच्या तासात बारीक कापलेले. मले वाटलं, इतक्यात वाढले. उमेरा कालपासून घरातून बाहेर नाही आली. तिची चूक नाही, तिले म्यानंच घाई केली होती, तारीखबिरीख राहू दे, टेक्सासचं लाव म्हणून.

मी आजच बायाईले जमवलं आन् सांगतलं, आपल्यापाशी कापूस आहे, किडे आहेत, अक्षयचा काटा आहे, इकून टाका. तर इकत नाही. म्हणे, शब्द तुह्या नावाचा नव्हता, सुरभीच्या नावाचा होता. भात हातात होता. पुढच्या साली बोंडअळी पडली तर कोण जबाबदार? मी म्हटलं, मी जबाबदार. बिजलीबाई म्हणे, 'याडी, तू पुढच्या साली असशीन का?' खरंच बोलली.

म्हणजे आता तुह्या तोंडून 'इका' निघाल्याशिवाय या गावातला एक बोरा हालत नाही. तुहं आन् तुह्या बापाचं जे असन ते असो. बस्ता थांबला आहे. फोन कर.

आजी


बोरी अरब
२२ डिसेंबर

सुरभी,

फोनवर तू मले जे बोलली ते मी धरून ठिवलं नाही. 'आजी, मी संशोधक आहे, दलाल नाही.' बरं. मी म्हटलं, 'मंग संशोधन कर आन् सांग.' तू म्हणली, कोणताच अभ्यास करणारा माणूस भाव सांगू शकत नाही, सांगते तो खोटा. मी म्हटलं, 'हे त्या बायाईले सांग. तुह्या तोंडून. माह्यावर आता कोणी भरोसा ठिवत नाही.' तवा तू तास घ्यायले तयार झाली, तेवढं चांगलं केलं. आन् उमेराची माफी मागितली, तेही. ती दोन दिवस जमिनीवर पाय ठिवत नव्हती.

तास झाला, तू होतीच. पण तुले पडद्यात जेवढं दिसलं तेवढंच तुले माहीत. बाकीचं ऐक.

जफरनं ग्यारेजातून ट्रॅक्टर बाहेर काढला, भिंतीवर टी.व्ही. टांगला, ऑइलच्या डब्यावर फळी टाकून बायाईले बसायले केलं. तांडा पुरा आला. हरिसिंग शिव्या द्यायले आला होता, पण तू पडद्यावर आली आन् 'नमस्कार' म्हणली तवा त्यानं टोपी काढली. तुह्या मागं तुहे विद्यार्थी बसले होते ना, त्यातली कोपऱ्यातली पोट्टी पुरा वेळ झोपली होती. तुले पाठीमागचं दिसत नाही म्हणून सांगतलं.

तू चांगलं बोलली. सरळ बोलली. 'तो तास जुना आहे, तारीख मी तोंडानं सांगायला हवी होती.' मंग नकाशा दाखवला, कापूस कोठून कोठं चालला, कर काढल्यानं काय होते, गिरणीवाल्याचा फायदा कसा, पिकवणाऱ्याचा तोटा कसा. बायाईले समजलं. मले पुन्हा तसंच झालं, पाणी प्यावंसं. आन् शेवटी म्हणली, 'पुढं भाव चढेल की उतरेल, हे मला माहीत नाही. माझं काम भाव सांगणं नाही, भाव कोण ठरवतं ते दाखवणं आहे.'

बिजलीबाई हुबी राह्यली. 'म्हणजे इतकं शिकून माहीत नाही? मंग न शिकता माह्या हरिसिंगलेही माहीत नाही. फुकट जाऊन आली तिकडं.'

हासले सारे. तू पण हासली. पण इकायचं का नाही, हे कोणी इचारेना आन् तू सांगेना. मले वाटलं, झालं, हे आता ढिगावरच निजते माघापर्यंत.

आन् मागून आवाज आला, 'मॅडम, एक प्रश्न इचारू का?'

तुले तो दिसला नाही. टायरच्या थप्पीमागं हुबा होता, मोबाईलच्या नजरेबाहेर. कवा आला कोणी पाह्यलं नाही. शाळेत पोट्टं जसं हुबं राहते तसं, एक हात वर. तू चष्मा काढला तवाच मले कळलं का तुले आवाज कळला. तू म्हणली, 'विचारा.'

तो म्हणे, 'तुमच्या घरी कापूस असता, आन् तुम्हालेच ठरवा लागलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?'

तुम्ही. पोटच्या पोरीले.

तुह्या हातातला चष्मा पडद्यात असा थिजला का उमेराले वाटलं नेट गेलं. तिनं मोबाईल हालवला. जफर म्हणे, 'हालवू नको, आहे नेट.' मंग तू बोलली. तुह्या त्या पुस्तकातल्या भाषेत नाही, आपल्या भाषेत. 'बाबा, इकून टाका. ठिवू नका. मी चुकली तर माह्या नावानं बोंबला.'

तुहे मागचे पोट्टे एकमेकाकडं पाहायले लागले. ती झोपलेली पोट्टीही उठली.

तो म्हणे, 'बरं, मॅडम.'

एवढंच तू ऐकलं. त्याच्यापुढं इथं काय झालं ते असं: बायाईनं एकमेकीकडं पाह्यलं, बिजलीबाईनं कपायाले हात लावला, आन् साऱ्या एकदम उठल्या. अक्षय दाराशीच होता, त्याले काटा काढायलेही येळ नाही देल्ला. ऑइलचे डबे पडले. रहमतबी अजून मुंडी हालवूनच राह्यली होती. त्या गर्दीत मारोती तिथंच हुबा. प्रश्न इचारून झाला, उत्तर भेटलं, टी.व्ही. बंद झाला, तरी त्याचा हात वरच होता. जफरनं धरून खाली केला.

दुसऱ्या दिवशी पयला टेम्पो आमच्याच घरचा भरला. तुह्या खोलीतून सुरुवात केली.

आजी


बोरी अरब
२४ जानेवारी

सुरभी,

तू चुकली.

बातमीत पाह्यलं असशीन. आम्ही इकला आन् भाव वर गेला. लय नाही, पण गेला. ज्याईनं दहीभात खाल्ला नव्हता ते आपल्या गावातल्या नानाजीसारखे लोक थांबले होते, त्याईनं आता इकला आन् मिशीवर हात फिरवून राह्यले.

बायाईचं म्हणशीन तर कोणी तोंड वाकडं केलं नाही. बिजलीबाईचा बस्ता झाला, दारव्ह्यातून आणला, मले दाखवायले आणला. पोरीले हिरवं लुगडं, जावयाले कोट. मी म्हटलं, थांबली असती तर अखीन एक लुगडं आलं असतं. ती म्हणे, 'आन् हरिसिंग अखीन महिनाभर ढिगावर निजला असता. मले नवरा घरात पाह्यजे.' हरिसिंग तुह्या नावानं बोंबलते, तू परवानगी देल्लीच आहे. तास चालू आहे. उमेरा आता आधी तारीख वाचते, मोठ्यानं, दोनदा, मंगच लावते.

हे सारं तू पचवशीन. ज्याच्यासाठी कागद घेतला ते दुसरंच आहे.

आज बजार होता. मी वांगे घ्यायले गेली. चायच्या टपरीवर तुहा बाप बसला होता, पाठ माह्याकडं. नानाजीनं त्याले गाठलं. नानाजी तुले माहीत आहे, दुसऱ्याचं नुकसान दिसलं का त्याची भूक वाढते.

म्हणे, 'मारोतराव, तुम्ही घाई केली.'

'केली.'

'कोणाच्या सांगण्यावरून इकला म्हणता?'

तुह्या बापानं कप खाली ठिवला. मले वाटलं आता 'तिकडची' म्हणन, नाहीतर उठून जाईन. तो म्हणे, 'माही सुरभी तिकडं इंग्लंडात प्राध्यापक आहे. तिनं सांगतलं.'

अशा आवाजात बोलला का भाजीवाल्यालेही ऐकू गेलं.

नानाजी म्हणे, 'प्राध्यापक आहे ना? मंग चुकली कशी?'

'प्राध्यापक आहे, जोतिषी नाही,' तुहा बाप म्हणे. 'तुम्हाले भाव कोण ठरवते ते माहीत आहे का? बसा. सांगतो.'

आन् सांगायले लागला. न्यूयॉर्क, बांगलादेश, कर, गाठी, सारं. नकाशा नव्हता तर टपरीच्या फळीवर चायच्या थेंबानं काढला. चार लोक जमले. सहा जमले. मले हे समजेना का याले इतकं येते कोठून, माह्या ओसरीवर तर तो एक दिवस बसला नाही. उमेराले इचारलं तवा तिनं सांगतलं. म्हणे, 'खाला, जफरच्या मोबाईलवर ग्यारेजात बसून पाहत होता, दिवाळीच्या आधीपासून. सांगू नको म्हणला होता.' तरीच मी म्हणतो टेक्सासचं नाव घेतलं तवा त्यानं मले इचारलं नाही, ते काय असते म्हणून.

जेवताना मी काही काढलं नाही. त्यानंच काढलं. पहिला घास तोंडात होता.

'सुरभीचा तास कोणत्या वारी असते?'

मी म्हटलं, 'मी काय तिची कारकून आहो? तिलेच इचार. नंबर उमेराजवळ आहे.'

तो तसाच उठला, हात धुतला आन् ग्यारेजाकडं गेला. आता हे लिवून राह्यली तवा तो तिथंच आहे.

हे पत्र तुह्या हाती पडेपर्यंत त्याचं बोलणं होऊन गेलं असन. काय बोलला ते मले लिवू नको, मी इचारणार नाही. पण वारं, पाणी, तब्येत करत बसू नका दोघं. त्याची भाकर थंडी होऊन राह्यली.

आजी